कडबाकुट्टीचा सशुल्क शोध

१. तत्त्व

कोणतेही काम बिघडते ते सुरू केल्यामुळे. जे सुरूच झाले नाही ते बिघडल्याची नोंद कुठेही सापडत नाही. पूर्वीच्या लोकांना हे सत्य ठाऊक नव्हते. ते सकाळी उठून थेट कामाला लागत आणि संध्याकाळपर्यंत काम संपवून मोकळे होत. त्यात किती विचार करायचा राहून गेला, याचा अंदाज आता लागणे शक्य नाही.

वेबसाइट बनवण्याच्या व्यवसायाने ही चूक वेळीच ओळखली. आता वेबसाइट बनवण्याआधी, आपल्याला वेबसाइट म्हणजे नेमके काय हवे आहे, याचा शोध घेतला जातो. या शोधाला 'डिस्कव्हरी' म्हणतात. तो सशुल्क असतो. (फुकट शोध घेतला तर आधी माहीत होते तेच सापडते. पैसे भरूनही तेच सापडते, पण त्याला स्पायरल बाइंडिंग असते.)

आपल्या शहराला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. इथे पाण्याआधी पाण्याचे वेळापत्रक येते, आणि लोक रिकाम्या हंड्याशेजारी बसून वेळापत्रकावर मनापासून चर्चा करतात.

उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानाच्या वर 'आरंभपूर्व स्टुडिओ' नावाची संस्था आहे. मालक अमेय, शोधप्रमुख मृण्मयी. दोघेही कष्टाळू, नम्र आणि आपल्या कामावर श्रद्धा असलेले आहेत, हे इथेच नोंदवून ठेवलेले बरे. संस्थेच्या चारही भिंतींवर रंगीत चिकट चिठ्ठ्या असतात. त्या उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवतात. भर मे महिन्यात पंखा असून तो न लावणारे हे मराठवाड्यातले एकमेव कार्यालय असावे. (याबाबत सर्वेक्षण झालेले नाही. कोणी खर्च करणार असल्यास संस्था तयार आहे.)

संस्थेची स्वतःची वेबसाइट आहे. तिच्यावर 'लवकरच येत आहोत' असे लिहिले आहे. संस्थेने स्वतःचीही डिस्कव्हरी हाती घेतली असून स्वतःला कोणतीही सवलत दिलेली नाही.

२. गरज

(हे कलम ग्राहकाच्या आग्रहावरून घातले आहे.)

शेंद्र्याला सांडूअप्पांचे वर्कशॉप आहे. तिथे कडबाकुट्टी तयार होते. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांच्यासाठी: कडबाकुट्टी म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटे बारीक कापणारे मशीन. एका बाजूने कडबा आत सरकवायचा, दुसऱ्या बाजूने बारीक चारा बाहेर येतो. मधे पाती. कडबा कुठे संपला आणि हात कुठे सुरू झाला, हे पात्यांना कळत नाही. अप्पांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे पात्यांना अशीच कळली नव्हती.

अप्पांची मुलगी श्रेया मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिने मशीनच्या तोंडाशी एक झडप बसवली. हात झडपेला लागला की क्लच सुटतो आणि पाती जागच्या जागी थांबतात. तीन एचपीची मोटर, घरच्या विजेवर चालणारी, खाली चाके, आणि ही झडप. मशीनमध्ये अडचण नव्हती. अडचण डीलरमध्ये होती. झडपेमुळे काम हळू होते अशी तक्रार गिऱ्हाइकाने करण्याआधीच तो झडप काढून ठेवी आणि मग मशीन विकी.

श्रेयाला थेट विकायचे होते. झडपेसकट. त्यासाठी वेबसाइट हवी होती. एक फोटो, दोन ओळी, एक फोन नंबर.

अप्पा मुलीच्या विरोधात नव्हते. ते फक्त मुदत घालणारे गृहस्थ होते.

"पोळ्यापर्यंत धा मशीनं थेट इकून दाखव," ते म्हणाले. "वर्कशॉप तुझं. नाय इकली, तर शेड भाड्यानं देतो आन् तुझा बायोडाटा आत्याच्या ग्रुपवर."

"झडपेसकट विकली तर चालतील ना?"

"झडपेसकट इक, नायतर गोंडे बांधून इक. इकली म्हंजी झालं."

३. प्रथम बैठक

"साईट किती दिसांत व्हईल?" अप्पांनी उस्मानपुऱ्यात बसता बसताच विचारले.

"आधी डिस्कव्हरी करू, अप्पा," अमेय म्हणाला.

"म्हंजी?"

"तुम्हाला नेमकं काय हवंय ते शोधू."

"साईट पायजे."

"ते तुम्हाला वाटतंय. आपण खरं काय हवंय ते शोधू."

अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हंजी डाक्टरची तपासणी फी असती, तसं."

"अगदी तसंच!"

"आन् गोळी?"

"गोळी वेगळी."

श्रेयाने वडिलांना जिन्यात नेऊन समजावले, की आपण तरी ड्रॉइंग केल्याशिवाय पत्रा कापतो का. मुद्दा बिनतोड होता. अप्पांनी पैसे भरले. (ड्रॉइंगमध्ये निदान पत्रा तरी दिसतो, हा दुसरा मुद्दा तिला परत जाताना चिकलठाण्याच्या सिग्नलला सुचला.)

मग मृण्मयीने पेन उघडले.

"अप्पा, तुम्ही कोण आहात?"

"सांडू."

"ते नावाच्या पातळीवर झालं. आतून?"

अप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आतून बी सांडूच."

"बरं, तुमची दुखरी जागा कोणती? धंद्यातली."

अप्पांनी डावा हात वर केला.

मृण्मयीने लिहून घेतले: 'ग्राहक हातवारे करून बोलतो. ब्रँडचा स्वभाव मोकळा ठेवावा.'

"लई उकडतंय बुवा," असे म्हणून अप्पांनी त्याच हाताने पंख्याचे बटण दाबले.

सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि परत चिकटवल्या. त्यात एका सराफाच्या आणि एका दातांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या मिसळल्या. तिन्ही ग्राहकांच्या कामात त्यामुळे एक ताजेपणा आला. 'कडबाकुट्टी: वेदनारहित, पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास' ही ओळ तिथलीच.

४.

(हे कलम अद्याप शोधावस्थेत आहे.)

५. निष्पत्ती

उन्हाळा गेला. पाऊस आला आणि त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे थांबला. या काळात जे सापडले त्याचा गोषवारा असा.

पत्त्यात शहराचे नाव कोणते लिहावे, जुने की नवे, यावर एक पूर्ण बैठक झाली. चर्चा खेळीमेळीत झाली असे इतिवृत्तात लिहिले आहे. निष्कर्ष: 'शेंद्रा' लिहावे.

रंग हिरवा ठरला, कारण चारा. कडबा पिवळा असतो, असे अप्पांनी कळवले. हरकत आदरपूर्वक नोंदवून घेण्यात आली.

मुख्य स्पर्धक कोण, याचा सखोल अभ्यास होऊन उत्तर आले: विळा.

श्रेया प्रत्येक बैठकीत एकच विचारी: "झडपेचं कुठं आलंय?" झडप पुढच्या टप्प्यात आहे, असे तिला प्रत्येक वेळी न रागावता सांगण्यात आले.

डिस्कव्हरीचा कळस म्हणजे आदर्श ग्राहक. तो अस्तित्वात नसतो. अस्तित्वात असलेल्या ग्राहकांत फार दोष आढळल्यामुळे ही सोय करावी लागली. त्याला नाव, वय आणि स्वभाव देतात, मग सगळी वेबसाइट त्याला आवडेल अशी बनवतात. गाईगुरांचा विषय, म्हणून मृण्मयीने याचे नाव गोकुळ ठेवले. फोटो एका परदेशी साइटवरून घेतला: हिरव्या शेतात मांडीवर लॅपटॉप घेऊन हसणारा, घाऱ्या डोळ्यांचा तरुण. खाली कार्ड.

नाव: गोकुळ
वय: एकतीस
शिक्षण: बी.ई. कॉम्प्युटर
नोकरी: पुण्याच्या कंपनीत, काम घरून
उत्पन्न: वार्षिक अठरा लाख
घर: पडेगावला स्वतःचा फ्लॅट
शेती: आहे. स्वतः करत नाही.
जनावरे: दोन गाई (आवड म्हणून)
स्वभाव: शांत, नवे स्वीकारणारा
अपेक्षा: टिकाऊ, कमी आवाज, देखभाल फारशी नको
संपर्क: श्रेया, शेंद्रा

आणि श्रेयाचा मोबाइल नंबर. तो कार्डाच्या साच्यात आपोआप छापला जातो.

हे कार्ड मृण्मयीने अप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. सोबत लिहिले: 'अप्पा, हाच मुलगा फायनल करू या का? तुमचं ओके आलं की पुढं जाऊ.'

६. चौकशी

अप्पांचा मोबाइल दिवसा घरी, भागूबाईंकडे असतो. भागूबाई म्हणजे श्रेयाची आई. त्यांनी फोटो पाहिला, कार्ड वाचले, आणि गेल्या तीन महिन्यांचा त्यांना एकदम उलगडा झाला. उस्मानपुऱ्यात ऑफिस. आधी फी. तुम्ही कोण, आतून कसे, अपेक्षा काय. नुसत्या बैठका, हातात काहीच नाही. या पद्धतीने चालणारी एकच संस्था त्यांना माहीत होती, आणि तिथूनच त्यांच्या धाकट्या बहिणीचे जमले होते.

पोरीने आपले आपण बघितले, याचे त्यांना वाईट वाटले नाही. पोरगं बरे होते. फक्त एक रीत राहिली होती.

आपल्याकडे सोयरिकीआधी मुलाची चौकशी करतात. चौकशी ही डिस्कव्हरीची विनाशुल्क आवृत्ती आहे. तिला भिंत लागत नाही, चिठ्ठ्या लागत नाहीत. मुलाच्या गल्लीतला किराणावाला आणि घरातला एक नाराज चुलता, एवढ्या साधनांवर ती संध्याकाळच्या आत पुरी होते आणि सहसा चुकत नाही.

भागूबाईंनी कार्ड नणंदेला, आवडाबाईंना पाठवले आणि फोन लावला.

"वन्स, एक फोटू धाडलाय. जरा चौकशी करा. आपल्या श्रेयीला बोलू नका."

"पोरगं घारं दिसतंय गं, भागू."

"असू द्या. आपल्यात असतंय एखादं. शेती हाय."

"करतंय?"

"नाय नाय! नुसती हाय."

"मंग तर सोनंच म्हन की," आवडाबाई म्हणाल्या.

त्या 'सोयरीक सेवा' या ग्रुपच्या अ‍ॅडमिन आहेत. त्यांनी कार्ड तिथे टाकले आणि खाली लिहिले: 'चौकशी करावी.' म्हणजे, कोणाला या मुलाची माहिती असल्यास कळवावे. ग्रुपने वाचले: चौकशीसाठी संपर्क साधावा. मुलींच्या बापांनी ते वाचले आणि पुढे पाठवले. गोकुळ दुपारपर्यंत फुलंब्रीला पोहोचला, चहाच्या वेळेला पैठणला. वाटेत तो ज्या ज्या ग्रुपवर गेला तिथल्या प्रत्येकाला तो आपल्यातलाच वाटला. (का, याचे उत्तर कलम नऊमध्ये.)

कार्डावर नंबर एकच होता.

७. दूरध्वनी

पहिला फोन पडेगावच्या नानासाहेबांचा. घरी चार म्हशी आणि लग्नाची मुलगी, सायली. श्रेया तेव्हा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून उभी होती. तिला यातले काही माहीत नव्हते.

"चौकशी करायची व्हती," नानासाहेब म्हणाले.

श्रेयाला हे शब्द ऐकायला तीन महिने लागले होते. "करा ना काका! बिनधास्त विचारा."

"कसं हाय?"

"एकदम मजबूत. पाच वर्षं बघायची गरज नाही."

"तब्येत?"

"वजन म्हणता? एकशे वीस किलो."

"आरं बापरे!"

"खाली चाकं आहेत, काका. एक माणूस आरामात ढकलतो."

पलीकडे नानासाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खातं किती?"

"द्याल तेवढं."

"आन्... तापट वगैरे?"

"तापतं थोडं, दुपारचं. पण काळजी नाही. हात पुढं गेला ना, की आपोआप थांबतं."

इथे नोंद घ्यावी, की मराठीत मशीन नपुंसकलिंगी आहे आणि पोरगंही. हा घोळ दुसऱ्या कोणत्या भाषेत इतका वेळ टिकला असता, याबद्दल शंका आहे.

"पोरी," नानासाहेब हळू आवाजात म्हणाले, "हात पुढं गेला की थांबतं... असलं पोरगं कुठं भेटतं गं?"

उलगडा व्हायला आणखी थोडा वेळ लागला. मग श्रेया घरी गेली.

"आई, गोकुळ कार्डावर आहे. जगात नाही."

"मंग ती लोकं उस्मानपुऱ्यात करतात काय?"

"साईट."

"कुठाय?"

फोन मात्र वाजतच राहिले. पहिल्या काहींना तिने चुकीचा नंबर म्हणून तोडले. मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. गोकुळची चौकशी करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बोलण्यामागून एखादी म्हैस ओरडत होती.

त्यानंतर तिचे उत्तर ठरून गेले: "मुलगा खोटा आहे, काका. मशीन खरं आहे. बघायला या."

लोक आले. मुलगा बघायला निघायचे म्हणून इस्त्रीचे कपडे काढून ठेवलेले होते, ते घालूनच आले. बरोबर बायका आल्या. भागूबाईंनी वर्कशॉपमध्ये सतरंजी टाकून सगळ्यांना पोहे दिले, कारण एवढी चांगली माणसे आली असताना नुसते मशीन दाखवणे त्यांना बरे दिसेना.

श्रेया मोटर चालू करी. पाती फिरू लागत. मग ती सगळ्यांसमोर आपला हात कडब्याबरोबर आत सरकवी. खट् असा आवाज होई, पाती थांबत, आणि ती पाची बोटे बाहेर काढून दाखवी. हे रोज होत असे, आणि रोज त्या क्षणी सांडूअप्पा दाराबाहेर जाऊन उगाच आभाळाकडे बघत.

नानासाहेब सायलीला घेऊन आले. त्यांनी दोनदा पाती थांबवून बघितली आणि सुस्कारा सोडला. "आन् पोराचं खरंच कायच नाय का?"

"नाना, असलं पोरगं नसतंच," सायली म्हणाली. "मशीन घ्या."

८. अहवाल

पोळ्याच्या आधी 'आरंभपूर्व'ने अहवाल सादर केला. अहवाल उत्तम होता. मुखपृष्ठ हिरवे. शेवटच्या पानावर निष्कर्ष: 'ग्राहकास वेबसाइटची गरज असल्याचे निःसंशय सिद्ध झाले आहे.' पुढील टप्प्याचे नाव 'रचनापूर्व'. तोही सशुल्क.

"ते ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "धावं मशीन काल गेलं. झडपेसकट."

अमेयच्या चेहऱ्यावर खरा आनंद पसरला. "म्हणजे साईट न बनवता विक्री झाली! अप्पा, याला म्हणतात डिस्कव्हरी." त्याने एका गुलाबी चिठ्ठीवर 'साईटविना यश' असे लिहून ती भिंतीवर लावली. अकरावी ऑर्डर फोनवर घेत असलेल्या श्रेयाला हे ऐकू आले नाही.

लोक उठल्यावर मृण्मयीने श्रेयाला अडवले.

"गोकुळला खूप फोन आले?"

"अजून येतात. का?"

मृण्मयीने आपला मोबाइल पुढे केला. तिच्या आईने तिला गोकुळचे कार्ड पाठवले होते. वर 'बरेच वेळा फॉरवर्ड केलेले' अशी खूण, खाली आईचा मजकूर: 'मुलगा चांगला वाटतो. बोलू का?'

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आई, हा मी बनवलाय." मृण्मयीने मोबाइल परत घेतला. "पण एक दिवस उशिरा सांगितलं."

अप्पांनी जाता जाता पंख्याचे बटण दाबले.

पोळ्याच्या दिवशी शेंद्र्यात बैलांना झुली चढल्या. अप्पांकडे बैल नाहीत. त्यांनी वर्कशॉपच्या दारातली कडबाकुट्टी धुतली, तिला हळद-कुंकू लावले आणि झडपेला दोन लाल गोंडे बांधले. तीन बोटांनी गाठ मारायला वेळ लागला. कोणी मदत केलेली त्यांना चालली नाही. 'शेड भाड्याने देणे आहे' असा रंगवून आणलेला पत्रा आत पडला होता. त्याची कुठे झडप होते का, ते श्रेया मापून बघत होती.

९. पडताळणी

कोणत्याही शोधाअंती पडताळणी करतात. वाचकाने वर न बघता उत्तरे द्यावीत.

गोकुळचा फ्लॅट कुठे आहे? त्याचे उत्पन्न किती?

छान. आता, मशीनची मोटर किती एचपीची? अप्पांची बोटे कोणत्या हाताची गेली?

वाईट वाटून घेऊ नये. याचा अर्थ एवढाच, की आपणही आदर्श ग्राहक आहात, आणि आपलेही कार्ड उस्मानपुऱ्यातल्या भिंतीवर लावता येईल (पंखा बंद असेपर्यंत).

राहता राहिले कलम सहाचे उत्तर. गोकुळ सगळ्यांनाच आपल्यातला का वाटला? कारण त्याच्या कार्डावर आडनाव नाही. कार्ड वाचतानाच आपण ते वर एकदा, खाली एकदा असे शोधले होते. त्या शोधाचे शुल्क आकारलेले नाही.